दाराला कडी नव्हती

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, अशी रीतच होती. नव्या माणसाला वाटायचं, इथं भांडण पेटलंय. भांडण कसलं? आई बाबांना कालवणात मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारत असायची. पण अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादा सेट धडधडत असायचा, आणि तो बंद झाला तरी आमचे आवाज काही खाली यायचे नाहीत. लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्याच दिवशी नवरा हळूच म्हणाला, "अगं, मी इथंच बसलोय." आजही मी फोन केला की माझी नात मोबाईल कानापासून लांब धरते आणि म्हणते, "आजी, तू बिनफोनची पण ऐकू येशील."

सेट म्हणजे डिझेलवर चालणारे जनरेटर, तेही लष्कराचे. आमचं घर नगरात भिंगारच्या अलीकडे. (शहराचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, आणि या वयात ते उठायचं नाही.) लष्कराला नको झालेलं सामान लिलावात निघायचं, भंगारवाले ते उचलायचे, आणि त्यातले सेट माझ्या बाबांच्या दारात येऊन पडायचे. शेवाळी हिरवा रंग, अंगावर पांढरे आकडे, खाली ट्रेलरची चाकं. कुठं बर्फात तर कुठं वाळवंटात राहून आलेले. बाबा त्यांना पेन्शनर म्हणायचे. शांतवन मिस्तरी म्हणून त्यांना अख्खा कॅम्प ओळखायचा. सेट खोलायचा, नोझल साफ करायचे, डिझेलच्या नळीतली हवा काढायची, जळालेली तांब्याची तार उकलून नवी गुंडाळायची, आणि मग तो लग्नाला, जत्रेला, नाहीतर फिरत्या सिनेमाला भाड्यानं द्यायचा, असा तो धंदा. त्या काळी वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच न सांगता जायची, त्यामुळं सेटवाल्याशिवाय लग्न उभं राहत नसे.

या सेटांची एक गंमत होती. डेपोत वर्षानुवर्षं नुसते पडून राहिले की त्यांच्या आतलं लोहचुंबक मरायचं. इंजिन ठणठणीत चालायचं, पण दिवा काही लागायचा नाही. मग बाबा बॅटरीच्या दोन तारा आत नेमक्या जागी क्षणभर टेकवायचे, आणि समोरचा बल्ब हळूहळू लाल, पिवळा होत भक्कन पेटायचा. याला ते 'आठवण देणं' म्हणायचे. "काय बिघडलं न्हाई त्याचं. इसरलाय फक्त. आठवण द्यावी लागती." हा शब्द आमच्या घरात सगळीकडे चालायचा. मी रॉकेल आणायला विसरले की भाऊ ओरडायचा, "बाबा, रुथीला बॅटरी लावा!"

आईचं राज्य चुलीवर, पण तिथंही बाबांची घुसखोरी चालायचीच. तार गुंडाळून झाली की तिला वॉर्निश पाजायचं आणि मंद आचेवर सुकवायचं. भट्टी कुठून आणणार? मग भाकरी झाल्यावर चुलीच्या निखाऱ्यांपाशी त्या गुंडाळ्या मांडल्या जायच्या, आणि बाजरीच्या भाकरीला, लसणाच्या चटणीला, रविवारच्या मटणाच्या रश्शालासुद्धा वॉर्निशचा वास यायचा. आई चिडायची. "नाताळच्या करंज्या तरी माणसाच्या खाऊ द्या, मशीनच्या नका!" बाबा हसून म्हणायचे, "शमूची आई, वॉर्निशनं पोटाचं वाइंडिंग पक्कं होतं." त्यांनी तिला मार्था म्हणून कधी हाक मारलेली मला आठवत नाही. ती कायम शमूची आईच होती. माझी आई कधी होणार, असं मी लटक्या रागानं विचारायचे.

शमू म्हणजे शमुवेल, माझा मोठा भाऊ. उंच, काळासावळा, हसला की डोळे मिटणारा. चर्चच्या गायनात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, कारण त्यालाही सेटवर मात करायची सवय. शाळा संपल्यावर तो बाबांच्या हाताखाली आला आणि लवकरच सेट घेऊन गावोगाव जायला लागला. त्याला ते फार आवडायचं, आणि खरं कारण जेवण. सेटवाल्याला मांडवातून ताट यायचं, तेही पंगतीच्या आधी, कारण त्याला नाराज केलं तर नवरदेव अंधारात. शमू परत आला की त्याच्या रुमालात माझ्यासाठी बुंदी बांधलेली असायची. तिला डिझेलचा वास असायचा आणि मी ती चाटूनपुसून खायचे. आता मधुमेहानं गोड बंद केलंय, पण तशी बुंदी कुणी दिली तर मी डॉक्टरचं ऐकणार नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती आईला आणि मला फार उशिरा कळली, पण ती मागं ठेवून वाचकाला झुलवत बसणं मला जमणार नाही. शमूच्या आधी बाबांनी एक नोकर ठेवला होता. एका लग्नात तो सेट चालू ठेवून पंगतीला बसला. तेवढ्यात तेलाची नळी फुटली. लष्करात असताना या सेटांना तेल कमी झालं की आपोआप बंद पडायची सोय असे, पण आमच्याकडे येईपर्यंत ते भाग गेलेले असायचे आणि बाजारात मिळायचे नाहीत. तो सेट कोरडाच पळत राहिला आणि जाम झाला, कायमचा. म्हणून शमूला पहिल्यांदा एकट्याला पाठवताना बाबांनी शेडमध्ये त्याचा हात इंजिनावर ठेवला आणि म्हणाले, "सेट चालू हाय तवर उठायचं न्हाई. आभाळ कोसळलं तरी न्हाई. घे शपथ." शमू हसला म्हणे. "आन् मुतायला?" "डबा ने." दोघंही हसले. पण शमूनं शपथ घेतली, आणि शमू दिलेला शब्द पाळणारा मुलगा होता.

वैशाखातलं लग्न होतं, शेवगावच्या बाजूच्या एका गावात. रंगनाथ नानांची मुलगी अलका, आणि वऱ्हाड कोल्हारहून आलेलं. शमू टेम्पोत सेट घालून दुपारीच पोचला. गोरज मुहूर्त. अंगणात मांडव, आणि सेट मांडवाला लागून, कारण केबल तेवढीच. भटजींनी मंगलाष्टकं सुरू करायच्या आधीच सांगितलं, या धडधडीत माझा शब्द कुणाला ऐकू येणार? नवरदेवाकडचे म्हणाले, लांब न्या. केबल पुरेना. मग नानांनी सुचवलं की सेट भुशाच्या खोलीत ढकलावा. दगडी भिंतीची खोली, एक दार, वर एक खिडकी. शमूनं धुराची नळी त्या खिडकीतून बाहेर काढली, आणि तो आत सेटपाशी बसला. तरी आवाज येतच होता, तेव्हा कुणीतरी दार लोटून घेतलं. दाराला कडीसुद्धा नव्हती. नळी इंजिनाला जिथं जोडतात, त्या सांध्यातून थोडा धूर गळत होता. उघड्यावर तो कुणाच्या ध्यानातही आला नसता.

मंगलाष्टकं सगळ्यांना छान ऐकू आली. अक्षता पडल्या. कुणीतरी शमूला ताट नेऊन दिलं, तेव्हा तो म्हणाला, "डोकं चढलंय जरा." ताट नेणाऱ्याला वाटलं, उन्हाचं असेल. दार पुन्हा लोटलं गेलं. पंगत बसली असताना दिवे फडफडले आणि गेले. लोक ओरडायला लागले, पोरं शिट्ट्या मारायला लागली, आणि दोघंतिघं शिव्या देत त्या खोलीकडे निघाले, झोपलेल्या सेटवाल्याला उठवायला. तो भिंतीला टेकून बसला होता. ताट मांडीवर होतं. त्यांनी त्याला आधी हाका मारल्या, मग हलवलं.

सकाळी त्याच टेम्पोतून तो घरी आला, त्याच सेटच्या शेजारी, चादरीखाली. आई चुलीपुढून धावत गेली आणि टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. तिला वर चढता येईना, आणि कुणाला तिला चढवायचं सुचेना. मी ते दृश्य लिहिणार नव्हते. पण आईच्या हाताला पीठ होतं आणि ते त्या फळीला लागलं, एवढं लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, रडा मिस्तरी, मोकळे व्हा. बाबांनी मान हलवली आणि कबरस्तानात खड्डा सरळ खणला जातोय ना, ते बघायला गेले.

मग आमच्या घरात तो प्रश्न राहायला आला. जेवायला बसलो की आई प्रार्थना करायची, आमेन म्हणायची, आणि घास हातात धरून विचारायची, "दाराला कडी न्हवती. मग उठला का न्हाई माझा शमू? डोकं दुखत हुतं तर बाहेर का न्हाई आला?" ती कुणाला विचारायची कोण जाणे. देवाला, मला, भाकरीला. बाबा खाली बघून जेवत राहायचे. त्यांनी सेट भाड्यानं द्यायचं सोडलं, नुसती दुरुस्ती करायचे, आणि चालू सेटपाशी उभे राहिलेले मला पुन्हा दिसले नाहीत. हँडल मारून झालं की ते शेडबाहेर येऊन पाठ करून उभे राहायचे. आईचं मात्र ठरलं होतं की हे नानांनी केलं. दार त्यांच्या घरचं, लोटायला लावणारे ते. "त्यांच्या पोरीच्या अक्षतांसाठी माझं पोर कोंडलं," असं ती येईल त्याला सांगायची.

पावसाळा सरता सरता एके दिवशी रंगनाथ नाना स्वतः आले. दारात टोपी काढून उभे राहिले. आईनं तोंड फिरवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मीच तांब्या दिला. नाना बोलले ते बाबांकडे न बघता. "मिस्तरी, माफी मागायला यायचं तर लई आधी यायला पायजे हुतं. आज मी गरजेपोटी आलोय, ते बी सांगून टाकतो. अलकाला आखाडाला माहेरी आणली. तवापासून न्यायला कुणी आलं न्हाई. कोल्हारवाले म्हणत्यात, पोरगी पांढऱ्या पायाची. म्हणत्यात, उघड्या दारात धडधाकट पोरगं बसल्या जागी जातं, त्याला कायतरी धरून ठेवल्याशिवाय कसं जाईल? हा पोरीचा पायगुण. तुमी बापमाणूस. तुमी येऊन दोन शब्द बोलला तर..."

"तुमची पोर नांदायला पायजे," आई चुलीपासून म्हणाली, "आन् माझं पोर मातीत." नानांनी मान खाली घातली. बाबा उठून शेडमध्ये गेले. आता ते संध्याकाळपर्यंत येत नाहीत, असं मला वाटलं. पण ते लगेच परत आले आणि म्हणाले, "परवा कोल्हारला येतो मी. तुमी पोरीला घेऊन तिथं या." आई ताडकन उठली. "मी बी येनार. दार कुनी लोटलं, ते मला तिथं सांगायचंय, चार मानसात." बाबा तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला भीती वाटली. मग म्हणाले, "चल. तू यायलाच पायजे."

कोल्हारला आम्ही एसटीनं गेलो. प्रवरेकाठचं गाव, दोन्ही बाजूंना ऊस. घरही चांगलं, ओसरीवर सतरंजी घातलेली. अलकाचे सासरे तात्या, सासू, आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला तो नवरा, ज्याला अजून मिसरूडही नीट फुटली नव्हती. नाना पायरीवर टेकले होते. अलका मात्र अंगणातच उभी होती, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. तिला कुणी वर ये म्हटलं नव्हतं आणि आपणहून चढायची तिची छाती नव्हती. ती माझ्याच वयाची होती. आई स्टँडवरून तावातावानं चालत आली होती. तिनं या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता सतरंजीच्या कडेला बसली.

बाबांनी नमस्कार केला. म्हणाले, "तात्या, मेलेला माझा मुलगा. मला कुनावर राग न्हाई. नळीच्या सांध्यातनं धूर गळला, त्या धुरानं तो गेला. त्यात या लेकराचा काय संबंध? तिला आत घ्या." बोलली ती सासू, आणि वाईट बोलत नव्हती बिचारी, खरंच घाबरलेली होती. "आवो मिस्तरी, धूर तर धूर. पन मानूस गुदमरलं की उठतंय का न्हाई? दाराला कडी न्हवती म्हनं. मग उठला का न्हाई तुमचा पोरगा?"

आईचा प्रश्न, आईच्याच शब्दांत, एका परक्या बाईच्या तोंडून. आईनं मान वर केली. बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आमच्या घरात बोलतात तसे मोठ्यानं बोलले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. "त्याला मी धरून ठेवलं हुतं. मी, त्याच्या बापानं. सेट चालू हाय तवर उठायचं न्हाई, आभाळ कोसळलं तरी न्हाई, अशी शपथ घातली हुती मी त्याला. त्याचं डोकं चढलं, छाती भरली, तरी तो उठला न्हाई, कारन मी सांगितलं हुतं. एका मशीनसाठी. पांढरे पाय बघायचे तर माझे बघा. या लेकरानं काय केलं?"

पुढं मी नर्सिंगला गेले, आणि हा धूर माणसाचं काय करतो ते शिकले. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, मग पायातलं बळ जातं, आणि उठावंसं वाटलं तरी उठता येत नाही. सुट्टीत घरी आले ती हे घेऊनच आले, जणू औषधच सापडलं होतं मला. म्हटलं, बाबा, शपथ नसती तरी तो उठू शकला नसता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन आधी डोकं दुखतंय ना? ताट घेऊन मानूस आला, तवा दार उघडं हुतं. तवा उठला असता ना?" इतकी वर्षं वॉर्डात काढली, कितीतरी जणांना धीर दिला, पण बापाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

त्या ओसरीवर शेवटी तात्याच बोलले. घसा साफ करून म्हणाले, "सूनबाई, उन्हात काय उभी ऱ्हायलीस? आत ये. पाव्हन्यांना पानी आन." अलका पायऱ्या चढून आत गेली, आणि आतून तिच्या हुंदक्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. तिनं पहिला तांब्या आईपुढं धरला. आईनं तो घेतला, प्यायली, आणि रिकामा तांब्या परत देताना तिचा हात धरून म्हणाली, "नीट नांद, बाई." एवढंच. अलका नांदली. नाताळला आजही तिचा फोन येतो, आणि ती अजून मला घाबरतच बोलते.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर एका बाकड्यावर आम्ही तिघं बसलो, मी मध्ये. बाबा रस्त्याकडे बघत होते. आई काय बोलेल याची वाट बघत होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. मलाही भीती वाटत होती की आता ती ओरडेल, छाती बडवेल, हे घर आजच मोडेल. आई उठली, माझ्यापुढून वळसा घालून त्यांच्या पलीकडे जाऊन बसली, आणि आमच्या घरात कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाली, "मला आधी सांगायचं ना. मी शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं तुमाला. पन मग आपन दोघं मिळून रडलो असतो की. एवढे महिने मी येकटी रडले, आन् तुमी येकटे गप बसला."

बाबांनी तिच्याकडे वळायचा प्रयत्न केला, पण ते वळू शकले नाहीत. ते रडायला लागले. शमू गेल्यापासून पहिल्यांदा, भर दुपारी, कोल्हारच्या स्टँडवर, तोंडावर हातसुद्धा न ठेवता, लहान मुलासारखे मोठ्यानं. ऊस चोखणारी माणसं वळून बघायला लागली, भोवती घोळका जमला. आईनं त्यांचा दंड धरून ठेवला होता आणि ती त्यांचे अश्रू पुसत नव्हती, स्वतःचेही नाही. घोळक्यातून एक पटकेवाला म्हातारा पुढं आला, वाकून बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि मायेनं आईला विचारलं, "काय झालं, बाई? पाकीट मारलं का कुनी पाव्हन्याचं?"

"व्हय, दादा," आई म्हणाली. "समदंच गेलं आमचं."